नथ्थूच्या नावावर मी गेलो होतो

नथ्थू,

तुझी तेरवी परवा आटपली. बुंदी चांगली झाली होती. वांग्याच्या भाजीत तिखट कमी पडलं. तू असता तर वाढणाऱ्याले ऐकवलंच असतं, म्हणून तुझ्या वाटणीचं मी ऐकवलं. पंगत उठल्यावर चार जण उभे राहून बोलले. नथ्थूजी देवमाणूस होते, नथ्थूजी कोणाच्या अध्यात नव्हते की मध्यात नव्हते. मी मनात म्हटलं, हे कोणाबद्दल बोलून राहिले? पत्ते खेळताना पान मांडीखाली लपवणारा, शेजारच्याच्या ताटातली तळलेली मिरची उचलून खाणारा, साऱ्या तांडापेठेच्या भांडणात पाय घालणारा नथ्थू यायले माहीतच नाही. मले माहीत आहे. म्हणून लिहून राहिलो.

समाजाचा अंक काढणाऱ्यानं तुझ्यावर लिहाले पान देतो म्हटलं. आमचा वसंता शाळेत मास्तर आहे. तो म्हणे, "बाबा, तुम्ही सांगा, मी नीट लिहून देतो." म्हटलं, तुझ्या हातानं गेलं तर ते तुझं होईन. चौथीत शाळा सुटली माझी, पण अक्षर अजून सरळ येते. कुठं चुकलं तर चुकलं. नथ्थूले तरी कुठं वाचता येत होतं?

तुले सगळं ठाऊक आहे. पण वाचणाऱ्यायले नाही, म्हणून थोडं मागून सांगतो. मधात तोंड घालू नको.

आपण दोघं विणकराचे पोट्टे, घरं वेगळी. घरच्या हातमागावर एकेका घरच्या दोन भावायचं भागे ना, म्हणून मिलीत लागलो. मिलीत ज्याचा त्याचा पितळेचा बिल्ला, त्यावर नंबर. एखाद्याले ताप आला, घरी कोणाचं दुखलं-खुपलं, तर त्याचा भाऊ नाहीतर दोस्त तोच बिल्ला दाखवून फाटकातून आत जाये आणि त्याच्या जागेवर उभा राहे. मुकादमाले माहीत राहे, तो तिकडं पाहत नसे. माग चालू राहिला म्हणजे झालं. तू माझ्या बिल्ल्यावर गेला, मी तुझ्या बिल्ल्यावर गेलो. यात काही खोटं आहे हे आपल्या डोक्यातही कधी आलं नाही.

मग मोठी लढाई लागली, जपानवाली, अन् आपण दोघं एकाच दिवशी भरती झालो. हाती बंदूक नाही, फावडं. रस्ते करायचे, पेट्या चढवायच्या, पेट्या उतरवायच्या. आसामात रेल्वेच्या बाजूले डेपो होता, तिथं ठेवलं आपल्याले. तिथून टोळ्या पुढं जात, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, जिथं खरोखर गोळे पडत. पुढं गेलेल्यायले मेडलही वेगळं होतं.

एका सकाळी टोळीची नावं पुकारली. तुझं नाव आलं, माझं नाही आलं. माझी तर रजा मंजूर होऊन बसली होती. अन् तुले आदल्या दिवशीच घरची तार आली होती, की पोरगी झाली, पण तिच्या मायची, वयनीची, काही खात्री नाही. तू तंबूमागं उकिडवा बसून दगडानं जमीन खरडून राहिला होता. मी तुझ्याजवळ बसलो.

"नथ्थू, माझ्या रजेवर तू जाय. तुझ्या नावावर मी जातो."

"अबे, पकडलं म्हणजे?"

"कोण पकडते? पुढच्या हवालदारानं तुले पाह्यलं आहे का मले?"

"अन् तू मेला तर?"

"तर कागदावर तू मरशीन. वयनीले आधीच सांगून ठेवजो, घाबरू नको म्हणा."

तू हसला. नाकातून पाणी येऊन राहिलं होतं अन् हसून राहिला होता. मिलीत केलं तेच आपण तिथं केलं. फौज म्हणजे मिल नाही, हे सांगणारं तिथं कोणी नव्हतं.

बाहेर हवालदार ओरडला, "नथ्थू!" अन् मी पुढं झालो.

पुढचे काही महिने मी नथ्थू होतो. पुढं काय पाह्यलं ते इथं लिहीत नाही, ते तुले पत्ते खेळता खेळता इतक्या वेळा सांगतलं की तूच ते माझ्यापेक्षा चांगलं सांगायचा. डाव्या पोटरीत गोळ्याचा तुकडा घुसला, तो नथ्थूच्याच पोटरीत घुसला म्हणून लिहिलं गेलं. दवाखान्यातही नथ्थू. बरा होऊन डेपोत आलो, अन् पुन्हा जो तो आपापल्या नावावर आला. वयनी वाचली. पोरगीही वाचली, तीच आपली शांता, आता तिले सुना आल्या.

लढाई संपली, आपण परत मिलीत. मेडलं टपालानं आली. पुढं गेलेल्याचं मेडल तुझ्या नावानं आलं. तू ते माझ्या घरी घेऊन आला, मी ते तुझ्या घरी परत नेऊन दिलं. तू पुन्हा आणलं. शेवटी वयनीनं ते आपल्या पेटीत टाकलं अन् म्हणाली, "आता जो याले हात लावन त्याले जेवाले भेटणार नाही." तिथं ते मिटलं.

मिटलं असं मले वाटलं. बासष्टची चीनची लढाई झाली अन् लोकायले एकदम फौजी आठवले. सव्वीस जानेवारीले शाळेच्या मैदानावर बोलावणं येऊ लागलं. पुढं जाऊन आले त्यायले समोरच्या खुर्च्या अन् हार. बाकीचे मागच्या बाकावर. तू समोर, मी मागं. दरवर्षी तू खुर्चीत असा बसायचा जसं खाली खिळा आहे. हार घालणारा आला की तू मागं वळून माझ्याकडं पाह्यचा, अन् मी डोळे वटारायचो, की बोलला तर याद राख. मागून घेतलेला मान माझ्या अंगाले लागत नाही, नथ्थू. तेव्हाही नव्हता लागत. अन् खरं म्हणजे मेडल गेलं असतं तुझं, मान गेला असता तुझा. तुझी पोरगी लग्नाची होती.

घरी परत येताना वयनी दारातूनच म्हणायची, "हार एकाच्या गळ्यात अन् लंगडते दुसरा. बाप्पा, कसे शहाणे आहात तुम्ही दोघं!"

असंच चाललं असतं. पण आमच्या वसंतानं हौसेनं माझे फौजेचे कागद काढले. त्याच्या हेडमास्तरले गावातल्या जुन्या सैनिकांबद्दल काही लिहायचं होतं. कागदात लिहिलं होतं की डोमा, म्हणजे मी, सगळी लढाई डेपोत होता. अन् ज्या दिवसांत त्याच्या पायाले लागलं असं तो सांगते, त्या दिवसांत तो आधी रजेवर नागपुरात अन् मग परत डेपोतच होता. वसंतानं ते वाचून मले विचारलं, "बाबा, पायाले खरं काय झालं होतं?" मी म्हटलं, सांगतलं न, गोळ्याचा तुकडा. त्यानं कागदाची घडी केली अन् ठेवून दिली. मले खोटं म्हणाला असता तर मी त्याले दोन थापडा दिल्या असत्या अन् मोकळा झालो असतो.  पण आपल्या पोरायले माझ्याकडं "आजोबा, लढाईची गोष्ट सांगा" म्हणून पाठवणं त्यानं बंद केलं. खरं सांगून टाकावं म्हटलं, तर ते एकट्या माझं नव्हतं. अर्धं तुझं होतं. तुले न विचारता मी ते कसं देऊ?

संध्याकाळी तू पत्त्याले आला.

"काहून गा, तोंड काहून पाडून बसला?"

सांगायचं नव्हतं, पण सांगतलं. तू हातातले पत्ते खाली ठेवले. डाव तुझा होता, पानं चांगली होती, तरी ठेवले. तसाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी वसंताच्या शाळेत जाऊन, व्हरांड्यात, साऱ्या मास्तरांसमोर तू त्याले म्हणाला, "तुझा बाप खोटा नाही. खोटा मी आहे. तुझ्या बापाच्या रजेवर मी घरी आलो, अन् माझ्या नावावर तो मार खाऊन आला." वसंता त्या दिवशी घरी आला तर माझ्याजवळ बसून राहिला.  त्याच्या हातातून भाजीची पिशवीही कोणी घेतली नाही, तसाच पिशवी धरून बसला होता. त्याचं मी तुले कधी बोललो नाही. आज बोलतो. त्या एका संध्याकाळसाठी तुझं नाव मी रोज घेतो.

पण तेव्हा मी तुझ्या घरी भांडायलेच आलो होतो. आठवते न?

"तुले कोणी सांगतलं होतं शाळेत जायले?"

"शाळेचं काय घेऊन बसला? उद्या फौजेच्या हापिसात चाललो. कागदच दुरुस्त करून आणतो."

"मेडल जाईन तुझं."

"जाऊ दे."

"लोकं थुंकतील."

"थुंकू दे. मी काय त्यायच्या घरी जेवाले जातो?"

"मी येणार नाही हापिसात. सांगून ठेवतो."

"नको येऊ. तुझा पाय तेवढा पाठवून दे."

वयनी चुलीजवळ पदर तोंडात कोंबून हसून राहिली होती. मी आलो मग. पाय एकटा कसा पाठवू?

हापिसातला साहेब निवृत्त कप्तान होता, पंजाबकडचा, मिशा पांढऱ्या. त्यानं तुझा कागद समोर घेतला.

"नथ्थू कौन?"

"मैं, साहेब."

"बाएँ पैर में ज़ख्म लिखा है. दिखाओ."

तू तिथंच, भर हापिसात, धोतर गुडघ्यावर घेतलं अन् पाय खुर्चीवर ठेवला. "देखो साहेब. सोललेल्या काकडी जैसा पाय है. एक फोड भी नहीं."

साहेब पाहतच राहिला. बाजूचे बाबू उठून पाहाले आले. मग तू माझ्याकडं बोट दाखवलं. "अब इसका देखो." मी म्हटलं, मी नाही दाखवत. तू म्हटलं, "अबे, दाखव न, नवरी आहे का तू?" अन् स्वतःच वाकून माझा पायजमा वर केला. पोटरीतला तो खड्डा, त्यात अजूनही सुपारी बसते एवढा, तो साहेबानं पाह्यला. त्यानं कागद पुन्हा वाचला अन् पुन्हा पाह्यला. तुझ्या नावचा मार माझ्या अंगावर होता.

"और तुम कहाँ थे?"

"घर पे. बीवी के पास. इसकी छुट्टी पे."

साहेबाचा आवाज बदलला. "मालूम है, ये लिखवाओगे तो तुम्हारा क्या होगा?"

"मालूम है. मेरा जो काटना है काट लो. पर इसका लिख दो."

मी उठलो. म्हटलं, नथ्थू, चल घरी, झालं एवढं बस झालं. तू म्हटलं बस खाली. मी म्हटलं तू बस. आपला आवाज वाढला. साहेबानं टेबलावर हात आपटला. मले वाटलं, आता बाहेर काढते. पण त्यानं शिपायाले चहा आणायले सांगतलं. म्हणाला, जीतने के लिए लड़ने वाले बहुत देखे, हारने के लिए लड़ने वाला आज देखा. त्याचं हे वाक्य तुले लय आवडलं होतं. पुढं वर्षभर तू ते मुहल्ल्यात सांगत फिरला, अन् दरवेळी त्यात साहेबाच्या डोळ्यांत पाणी घालत गेला. पाणी-बिणी काही आलं नव्हतं.

कचेरीतल्या टायपिस्टाकडून शपथेचा कागद केला. तू अंगठा लावला, वयनीनं लावला. बाकीचं साहेबानं केलं. त्याले वेळ लागला, हेलपाटे झाले, ते जाऊ दे. शेवटी माझ्या नावावर पुढची नोकरी चढली, जखम चढली, मेडल आलं. तुझं मेडल परत गेलं.

त्या सव्वीस जानेवारीले मी समोरच्या खुर्चीत होतो. तू येऊ नको असं मी सांगतलं होतं, म्हणून तू आलाच. माझ्या जुन्या बाकावर जाऊन बसला. कोणीतरी मोठ्यानं म्हटलं, "आला पाहा नकली फौजी." तू त्याच्याकडं वळून म्हणाला, "खोटा होतो तेव्हा हार घालून राहिले होते, खरं बोललो तर तोंड फिरवून राहिले. तुमचंच काही समजत नाही बाप्पा!" अन् माझ्या गळ्यात हार पडला तेव्हा सगळ्यात मोठी टाळी तुझी. हारातल्या झेंडूचा वास अन् तुझी टाळी. बाकी भाषणं मले आठवत नाहीत.

एक भांडण मात्र आपलं राहून गेलं. हापिसवाल्यायनं माझे ते महिने डेपोतून काढून पुढं लावले, बरोबर केलं. पण माझ्या नावानं डेपोत राबणारा तू होता, ते काम खोडल्यावर तुझ्या नावासमोर काहीच उरलं नाही. म्हणून त्यायनं लिहिलं, गैरहजर. रजेचे दिवसही गैरहजर, रजेनंतरचे महिनेही गैरहजर. मी म्हटलं, चल, हेही दुरुस्त करून आणू.

"काय दुरुस्त करतो? होतोच न मी बायकोजवळ."

"रजा संपल्यावर परत आला होता न डेपोत? काम केलं न?"

"केलं असन."

"काय केलं, ते सांग. तेच लिहून देतो."

"तुझ्या जागेवर होतो न. तू राहिला असता तर पत्ते खेळला असता, तेच मी केलं."

जेव्हा विचारलं तेव्हा हेच. मी चिडायचो, तू पान टाकायचा. मग तुझा दमा वाढला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात मी आलो तेव्हा नाकात नळी होती, तरी तू माझ्या दाढीकडं पाहून म्हटलं, "खुंट वाढले. मी गेलो काय, एवढं दुःख करून राहिला?" मी हसलो नाही. हसाले पाहिजे होतं. चांगली होती गंमत.

काल मी वयनीजवळ बसलो होतो. तिले म्हटलं, वयनी, तुमच्या नवऱ्याचा कागद गैरहजर म्हणते, अन् तो तर सांगाले आता येत नाही. तिनं डोळे पुसले अन् म्हणाली, "भाऊजी, त्यायनं तुम्हाले सांगतलंच नाही का? माझा ताप उतरला तसे ते रजा पुरी न करताच निघाले. मी म्हटलं, अजून दिवस आहेत न. तर म्हणे, डोमा तिकडं माझ्या नावावर मरून राहिला असन, मी इथं खाटेवर बसू? तिकडं जाऊन त्यायनं हवालदाराच्या मागं लागून काम बदलून घेतलं. पुढून जखमी घेऊन गाड्या यायच्या न टेसनात, त्या उतरवायचं. ते काम कोणी मागून घेत नव्हतं, त्या वासानं जेवण जाईना. हे दरेक गाडीले जायचे. दरेकाच्या तोंडावरचं कांबळं बाजूले करून पाह्यचे, तुम्ही आहात का म्हणून."

मी घरी आलो नाही, नथ्थू. तिथंच पायरीवर बसलो. मले ती गाडी आठवली. डब्याचं दार उघडलं, कोणीतरी माझं स्ट्रेचर खाली घेतलं, तोंडावरचं कांबळं बाजूले झालं, अन् तू. "आला का बे?" असं म्हणाला, जसं मी बाजारातून आलो. अन् मग तू स्ट्रेचर मधातच टेकवून माझ्याजवळ बसला, तर दुसऱ्या माणसानं तुले शिवी दिली. इतके वर्ष मी समजत होतो की तू नेमका त्या दिवशी टेसनावर होता, हे माझं नशीब.

आज सकाळी मी अन् वयनी हापिसात गेलो. जुना साहेब नाही आता, नवा आहे, चांगला आहे, मराठी बोलते. म्हणाला, "आजोबा, ते तर गेले. आता हे दुरुस्त करून कोणाला काय मिळणार?"

म्हटलं, "भेटायचं काही नाही. लिहायचं आहे."

"त्या महिन्यांत त्यांना काम करताना पाहिलेला साक्षीदार लागेल. आहे कोणी?"

"मी आहे. मी पाह्यलं. पडल्या पडल्या पाह्यलं."

"काय करत होते ते?"

"मले गाडीतून उतरवून राहिला होता."

त्यानं ते लिहून घेतलं, नथ्थू. मी दोनदा वाचून पाह्यलं अन् सही केली.